काटा खाली आला

राजनंदिनीचं रडणं थांबलं ते एका फ्लेक्समुळे.

सकाळी संभाजीनगरच्या दवाखान्यातून ॲम्ब्युलन्स आली, आबांना अंगणात उतरवलं, आणि तेव्हापासून ती आईला धरून ओसरीवर बसली होती. माणसं येत होती, पाया पडत होती. बायका गळ्यात पडून हंबरडा फोडत होत्या. दुपारी ऊन जरा कललं तेव्हा दोघांनी एक रुंद फ्लेक्स आणला आणि आबांच्या गाडीच्या तोंडावर, बॉनेटच्या काठापासून खाली बंपरपर्यंत, ताणून बांधला. फ्लेक्सवर आबा हात जोडून हसत होते. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे स्वतःचेच छोटे छोटे फोटो. त्या सगळ्यांच्या मागे गाडीची जाळी झाकली गेली. इंजिनाकडे हवा जायची जेवढी म्हणून वाट होती, तेवढी सगळी.

राजनंदिनीने डोळे पुसले आणि ती उठली.

आबा म्हणजे तिचे वडील विजयसिंह. चकलांब्याच्या आसपासच्या खेड्यांत असं एकही लग्न झालं नसेल जिथे आबा आणि आबांची गाडी गेली नाही. गाडी परदेशी बनावटीची, बारा वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेली. पुढे पाच माणसांची केबिन, कातडी सीटा, लाकडी नक्षीचा डॅशबोर्ड; आणि मागे ट्रकसारखा उघडा हौदा. 'पुढं मंत्री बसवावा, मागं खताच्या गोण्या टाकाव्यात,' असं आबा म्हणत, आणि दोन्ही करत. गाव तिला जहाज म्हणे. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. गेवराईचे मेकॅनिक बॉनेट उघडून आदराने आत डोकावत आणि पुण्याला न्या म्हणून सांगत.

त्यामुळे गाडीची देखभाल हळूहळू राजनंदिनीकडे आली. तिचं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेलं, गेवराईला कनिष्ठ महाविद्यालयात ती शिकवायची. गाडीचं जाडजूड मॅन्युअल तिने इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि अभ्यासाच्या पुस्तकासारखं वाचलं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायचं तिने बंद पाडलं. बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, हे तिने ड्रायव्हर हनुमानला घरातल्या पातेल्याचं बूड दाखवून पटवलं होतं. डिझेलच्या फिल्टरखालचा नळ सोडून तळाला साचलेलं पाणी काढणं, हवेचा फिल्टर झटकणं, पट्ट्यावर बोट दाबून ताण बघणं, सगळं ती रविवारी सकाळी करायची. आबा शेजारी खुर्ची टाकून चहा पीत बसत. आबांनी जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. घरातलं नाही, पक्षातलं नाही, डॉक्टरचं तर नाहीच. गाडीच्या बाबतीत मात्र लेक म्हणेल ते. तिने उद्या गाडी काढायची नाही म्हटलं, की आबा निमूट दुसऱ्याच्या गाडीत बसून जात.

दोनेक महिन्यांपूर्वी एका वरातीत गाडी तापली होती. घरी आल्यावर राजनंदिनीने इंजिन बंद करून पंख्याचं पातं बोटाने ढकललं. तापलेल्या इंजिनाचा पंखा असा ढकलला तर जड लागायला हवा. मधात चमचा फिरवल्यासारखा. कारण पंखा आणि इंजिन यांच्या मध्ये एक कपलिंग असतं आणि त्यात घट्ट तेल असतं. इंजिन तापलं की ते तेल पंख्याला धरून फिरवतं. इथे पंखा लहान मुलाच्या भिंगरीसारखा गरगरला. तेल गळून गेलं होतं. रस्त्यावर गाडी पळत असली की समोरून वारा येतो, तेव्हा पंख्याचं काही अडत नाही. गाडी माणसाच्या पावलाने चालवली की सगळा भार पंख्यावर. पुण्याच्या दुकानदाराने कपलिंग बाहेरून मागवावं लागेल म्हणून सांगितलं होतं, आणि ते अजून यायचं होतं.

"म्हणजे वरात बंद," आबा म्हणाले होते.

"वरात बंद. मिरवणूक बंद. नारळ फोडायला गेलात तर गाडी बंद करून फोडायचा."

"आन् मी निवडून आलो तर?"

"तर बैलगाडीतून मिरवा."

आबा खूप हसले होते. त्यानंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखाना झाला, आणि गाडी गोठ्याच्या छपराखाली उभी राहिली.

रविराजकाका अंगणाच्या कडेला तिरडीचं सामान बघत उभे होते. आबांचे ते धाकटे भाऊ. आबांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी तेच देणार होते. अंगावर ओला पंचा, डोळे सुजलेले.

"काका," राजनंदिनी हळू आवाजात म्हणाली, "आबांना ट्रॅक्टरवरनं न्या."

काकांना आधी कळलंच नाही. "कावून?"

"गाडीचा पंखा गेलाय. मळ्यापर्यंत चालत्या माणसांबरोबर न्यायची म्हणजे तापून बंद पडेल."

"बाळा, आबा ट्रॅक्टरवर?" काकांचा आवाज एवढ्यानेच भरून आला. "लोकं काय म्हंतील? जहाज दारात असताना आबाला ट्रॅक्टरवर टाकून नेलं म्हंतील."

"मग निदान पुढचा फ्लेक्स तरी सोडा. जाळी झाकली गेलीय. हवा बंद झालीय सगळी."

फ्लेक्स बांधणाऱ्या दोघांतला एक जण ऐकत होता. तो म्हणाला, "ताई, आबाचा फोटू काढायचा?"

ते वाक्य त्याने काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं. पण अंगणातली आजूबाजूची माणसं बोलायची थांबली आणि तिच्याकडे बघायला लागली. बापाचा फोटो उतरवायला सांगणारी लेक. राजनंदिनीला स्वतःचाच चेहरा तापल्यासारखा वाटला.

"काढायचा नाही. वर टपावर लावा."

"टपावर लावला तर मागं हौद्यात आबा दिसणार न्हाईत," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळा, तू आईपाशी बस. डोक्याला ताप करून घिऊ नको. दोन-अडीच किलोमीटर तर जायचंय."

वीस किलोमीटर असते तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. हमरस्त्याने जोरात नेता तरी आली असती. पण हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

ती हनुमानकडे गेली. हनुमान स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. आबांच्या दाराशी त्याची उभी हयात गेली होती.

"हनुमानभाऊ, ऐका. हीटर फुल लावा. पंखा फुल, सगळ्या काचा खाली."

"एवढ्या उन्हात हीटर, ताई?"

"हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर आहे. इंजिनाची गरमी केबिनमध्ये ओढून घेईल. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. काटा वरच्या खुणेला टेकला की थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. कुणी काही म्हणो. कानात ब्लूटूथ घाला, मी फोनवर आहे."

"व्हय, ताई," हनुमान म्हणाला. तो नेहमीच व्हय म्हणायचा.

त्यांच्या घरात बायका वेशीपर्यंतच जात. वेशीतल्या लिंबाखालून गाडी पुढे गेली आणि बायका थांबल्या. राजनंदिनीला एक क्षणभर वाटलं की आपण चालत राहावं, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. पण आई तिच्या अंगावर सगळा भार टाकून उभी होती. पुढे विस्तवाचं मडकं घेऊन काका, मग भजनी मंडळी, मग जहाज, आणि मागे रस्ता भरून माणसं. 'आबा, अमर रहे.' गाडी इतकी हळू चालली होती की तिच्या चाकांवरच्या झेंडूच्या पाकळ्या मोजता आल्या असत्या. फ्लेक्स आता तिला दिसत नव्हता. पण त्याच्यामागे काय चाललं असेल ते दिसत होतं.

घरी आल्यावर बायका आईला घेऊन आत गेल्या. तुळजाबाई, आबांची थोरली बहीण, अंगण शेणाने सारवून घ्यायच्या गडबडीला लागल्या. राजनंदिनी गोठ्यामागे गेली आणि तिने फोन लावला.

"ताई, काटा मधी हाय," हनुमान म्हणाला. मागे टाळ आणि घोषणा.

"हीटर चालू आहे ना?"

"हाय की. निसती भट्टी झालीय." आणि मग शेजारून कुणाचातरी खोकला आणि जाड आवाज: "ए हनुमान, ही गरम हवा कावून सोडलीस बे? मरतो का मी आता?"

उत्तरेश्वरमामा होते. साखर कारखान्याचे जुने संचालक, आबांचे दोस्त. गुडघ्यांमुळे चालता येत नाही म्हणून त्यांना केबिनमध्ये बसवलेलं.

"मामांना सांगा, इंजिनासाठी आहे."

"मामा, इंजनासाटी हाय, ताई म्हंतात."

"कोण ताई? ए.सी. लाव. एवढी भारी गाडी आन् ए.सी. न्हाई व्हय?"

एक टक्क आवाज झाला. राजनंदिनीला कळलं की मामांनी स्वतःच बटण दाबलं. ए.सी. म्हणजे इंजिनावर आणखी भार, आणि रेडिएटरच्या पुढ्यातच आणखी एक गरम जाळी.

"हनुमानभाऊ, ते बंद करा."

"मामा, जरा..." हनुमानचा आवाज खाली गेला. "ताई, मामा हायत. मी काय म्हणू त्यांना?"

मग बराच वेळ नुसती घोषणांची गर्दी ऐकू येत राहिली. राजनंदिनी गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. तिला हाताने काहीतरी करावंसं वाटत होतं. तिच्या हातात फक्त फोन होता. बंधाऱ्याकडचा चढ आता जवळ आला असेल. चढावर काय होणार हे तिला फळ्यावर मांडून दाखवता आलं असतं.

"काटा वर सरकाय लागलाय, ताई."

"किती?"

"खुणंला टेकलाय."

"थांबा. गाडी बंद करा. इथेच."

"ताई, आबा मागं हायत." हनुमान जवळजवळ कुजबुजत होता. "मागं हजार माणूस हाय. पुढं काका मडकं घिऊन चाललेत. मी कशी थांबवू, ताई? मधी कुठं थांबत असतेत का?"

"खांदा बदलायला थांबतात ना माणसं? विसावा घेतात ना? तसं थांबा. काकांना सांगा, विसावा घ्या."

"व्हय, ताई," हनुमान म्हणाला. पण इंजिनाचा आवाज काही थांबला नाही. आता त्यात एक वेगळी खरखर यायला लागली होती. काटा लालमध्ये गेला असेल. फोनमधून वास येत नाही. आला असता तर कूलंटचा तो गोडसर, पाक करपल्यासारखा वास तिला आला असता.

मग हनुमान एकदम मोकळ्या आवाजात म्हणाला, "ताई, काटा खाली आला बगा. पार खाली. झाली थंड. आबाची पुण्याई."

राजनंदिनी कुडापासून सरळ झाली.

काटा पाण्याचं तापमान दाखवतो, आणि तेही सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तोवरच. पाणी उकळून निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा गपकन खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं, आराम पडला. खरं तर आता इंजिनात जाळ होता आणि पाणी नव्हतं.

"हनुमानभाऊ, पाणी संपलंय. बंद करा. आत्ता. एक फूटही पुढे नेऊ नका. ऐकताय ना?"

फोन कट झाला होता. तिने पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग काकांना लावला, आणि लावल्यावर लक्षात आलं की काकांच्या दोन्ही हातांत मडकं आहे.

पुढचं तिला सगळ्यांनी सांगितलं. दिवेलागणीला माणसं परत आली तेव्हा जो तो तेच सांगत होता. आबांनी बांधून घेतलेल्या बंधाऱ्यापाशी जहाज थांबलं. बरोबर बंधाऱ्यापाशी. पुढे जाईना. बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि गाडी अशी हुंदका दिल्यासारखी हलली आणि गप झाली. कुणीतरी म्हणालं, गाडीला ताप चढला, पाणी पाजा. लोकांनी माणसांसाठी आणलेले गार पाण्याचे जार तिच्यात ओतले. तरी हूं की चूं नाही. मग तरण्या पोरांनी, म्हाताऱ्यांनी, सगळ्या जातीच्या माणसांनी हात लावला आणि जहाज ढकलत ढकलत मळ्यात नेलं.

"आबाला बंधारा सोडवंना," तुळजाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "मुक्या गाडीला कळलं, बाई."

राजनंदिनीच्या कानात एवढाच शब्द राहिला: गार. तापून लाल झालेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तवा वाकडा होतो. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे बिडाच्या ठोकळ्यावर बसवलेला ॲल्युमिनियमचा तवाच. तो वाकला असेल, मधलं गॅस्केट फाटलं असेल, आणि ते पाणी आता सिलिंडरांत उतरून बसलं असेल. अजूनही सगळं संपलं नव्हतं. इंजेक्टर काढून, पाणी उपसून, आत तेल सोडून इंजिन हाताने फिरवत राहिलं तर वाचण्याची आशा होती. मात्र ते लगेच करायला हवं होतं. लोखंड आणि पाणी वाट बघत नाहीत.

गाडी रात्री ट्रॅक्टरला बांधून अंगणात आणून लावली. सकाळी ती पाना-पक्कड घेऊन बाहेर आली, तर बॉनेटवर आबांचा हार घातलेला फोटो होता, आणि त्याच्यापुढे काचेच्या चिमणीत दिवा.

"आत्याबाई, हे घरात ठेवूया ना."

"घरात आबा निजले होते तिथं एक हाय. हा गाडीवरचा. तेरा दिवस इझू द्यायचा न्हाई." तुळजाबाईंनी तिच्या हातातल्या पान्याकडे बघितलं. "आन् सुतकात लोखंडाला कावून हात लावतीस? बस जरा. माणसं येतेत."

माणसं खरंच येत होती. आधी आबांसाठी, मग गाडीसाठीही. कुणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ बासरीचं संगीत घालून फिरत होता. त्यात जहाज वाफेत उभं होतं आणि असंख्य हात त्याला टेकलेले होते. तो व्हिडिओ पाहून केजहून, कड्याहून माणसं आली. ती आधी फोटोला हात जोडत, मग गाडीच्या बॉनेटला हात लावून कपाळाला लावत. चौथ्या दिवशी बंपरवर हळदीकुंकू दिसायला लागलं.

राजनंदिनीने आईला सगळं समजावून सांगितलं. पंखा, कपलिंग, वाफ, पाणी. आईने शेवटपर्यंत ऐकलं.

"मग चमत्कार काय न्हाई झाला म्हणतीस," आई म्हणाली.

"नाही, आई. गाडी तापून बंद पडली. चढ तिथेच आहे म्हणून तिथे पडली."

"मी रोज त्योच व्हिडिओ बघतीय," आई म्हणाली. "वेशीच्या पुढं मला येऊ दिलं न्हाई. तेवढंच दिसतंय मला." मग तिने राजनंदिनीचा हात हातात घेतला. "खरं आसंल तू म्हणतीस ते. पर मला नको सांगू."

त्यानंतर तिने आईशी तो विषय काढला नाही.

हनुमान तिला टाळत होता. एकदा गोठ्यात तो एकटा सापडला.

"ताई, मी थांबवणारच व्हतो," तो म्हणाला. "आन् पाणी मी न्हाई वतलं. लोकांनी वतलं."

"मला ठाऊक आहे."

"स्टेरिंगच हातात येईना. खरंच सांगतो. आपोआप डावीकडं वढली, बंधाऱ्याकडं." तो तिच्या डोळ्यांत न बघता बोलत होता, आणि बोलता बोलता स्वतःच त्यावर विश्वास ठेवत चालला होता. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, त्याला शक्ती देणारा पंपच थांबतो, हे तिने त्याला मागेच शिकवलं होतं. त्याची आठवण त्याला आत्ता करून देणं तिच्याच्याने झालं नाही. बंधाऱ्याची गोष्ट खरी नसेल तर मग आबांची गाडी कुणी जाळली, असा प्रश्न उरतो. आणि त्या प्रश्नाच्या समोर हनुमान एकटाच उभा होता. फ्लेक्स बांधणाऱ्यांना, ए.सी. लावणाऱ्या मामांना, जार ओतणाऱ्यांना कुणी विचारलं नसतं.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना तेव्हा कुणीतरी म्हणालं, आबांचा जीव गाडीत अडकलाय. काकांनी हात जोडून मोठ्याने सांगितलं, "आबा, तुमचं जहाज आमी जपू." कावळा शिवला.

त्या संध्याकाळी राजनंदिनी काकांना गाठून एका दमात सगळं बोलली. अजून उशीर झालेला नाही, पुण्याहून माणूस बोलवू, फक्त बॉनेट उघडू द्या. कुणाचं नाव तिने घेतलं नाही.

काका ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटूनच सगळं ऐकलं.

"बाळा, मला काय येडा समजतीस का? मी मडकं घिऊन पुढं व्हतो. मागं इंजनाची खरखर ऐकू येत व्हती मला. गाडी तापली आन् बंद पडली. मला ठावं हाय."

"मग?"

"मग काय? हजार माणसाला पंखा समजावून सांगू? त्यांनी आबाला हातानं ढकलत नेलं. त्यांना सांगू, बाबांनो, तुमी निसती बिघडलेली गाडी ढकलली? आन् समजा, सांगितलं. कुणाचं भलं व्हईल?"

"गाडीचं," ती म्हणाली.

काकांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर तिला भांडता आलं असतं. "गाडी आता आपली राहिली न्हाई, बाळा," ते म्हणाले.

त्याचा अर्थ तेराव्याला कळला. कीर्तन झालं, आणि प्रसादाच्या आधी उत्तरेश्वरमामा माईकपुढे खुर्चीत बसूनच बोलले. मी स्वतः केबिनमध्ये होतो, ते म्हणाले; उन्हाळ्याचे दिवस, पण आबांच्या गाडीत मला थंडगार वाटत होतं. मग काटा आपोआप खाली आला, सगळं शांत झालं, आणि गाडीने आबांच्या पाठोपाठ प्राण सोडला. अशी गाडी दुरुस्त करून पळवणं म्हणजे पाप. बंधाऱ्यापाशी चौथरा बांधायचा, वर पत्र्याचं शेड घालायचं, आणि जहाज जसं आहे तसं तिथे कायमचं उभं करायचं. बॉनेटसुद्धा उघडायचं नाही. माणसांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तेरावा आहे हे आठवून खाली घेतले. रविराजकाकांनी उभं राहून हात जोडले. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आली होती, आणि मामांच्या मागे बसलेल्या दोन-चार जणांनी आत्ताच काकांकडे बघून माना हलवायला सुरुवात केली होती.

पंगती बसल्या. मांडव घराच्या दुसऱ्या अंगाला होता. अंगणात गाडीजवळ त्या वेळी कुणी नव्हतं. राजनंदिनीने रिकामं पोतं घेतलं, पान्यांची पेटी घेतली, आणि ती पुढच्या बाजूने गाडीखाली शिरली. बॉनेट उघडायचं नव्हतं. खालून जायला कुणी बंदी घातली नव्हती.

खालचा संरक्षक पत्रा तिने काढला. वर अंधारात इंजिन होतं, आणि त्याच्या तोंडाशी मोठी पुली. त्या पुलीचा बोल्ट पान्याने फिरवला की सगळं इंजिन हाताने फिरतं. सायलेन्सरच्या सांध्यातून काहीतरी ओघळून वाळलेलं होतं. तिने बोट लावून उजेडात धरलं. तांबूस. गंज.

पाणी सिलिंडरांत होतं, हे नक्की झालं. आता एवढंच बघायचं होतं की आत अजून काही हलतं का. केसाइतकं हललं तरी पुरे. हललं असतं तर ती अशीच बाहेर गेली असती, मांडवात माईकसमोर गेली असती, आणि मग जे व्हायचं ते झालं असतं. असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

तिने पाना बोल्टवर बसवला आणि ओढला. मग पान्याच्या दांड्याला लोखंडी नळीचा तुकडा जोडून, दोन्ही पाय चाकाला लावून, अंगातलं सगळं बळ घालून ओढला. मग उलट्या बाजूने ओढला. नळी वाकायला लागली. बोल्ट हलला नाही. आतलं सगळं एकाच धातूचं झाल्यासारखं होतं.

ती पाय बंपरबाहेर पसरून तशीच उताणी पडून राहिली. श्वास लागला होता. तेवढ्यात बंपरपाशी पावलं वाजली. जोडव्यांचे पाय, एका बाईचे. मागे तुळजाबाईंचे भेगाळलेले पाय ओळखू आले.

"ही कोण, बाई, खाली?" त्या बाईने विचारलं. राजनंदिनीचे पाय आणि साडीचा काठ बाहेर दिसत असणार.

"लेक हाय आबाची," तुळजाबाई म्हणाल्या. "बापाच्या गाडीखाली जाऊन पडलीय. लई जीव व्हता दोघांचा."

त्या बाईने वाकून बंपरवर डोकं टेकलं. तिच्या बांगड्या पत्र्यावर किणकिणल्या. मग आणखी दोघीतिघी आल्या, आणि पायांची रांग लागली. मांडवातून जेवून उठलेली माणसं येत होती. कुणी फुलं वाहिली. त्यांच्या पाकळ्या फटीतून राजनंदिनीच्या हातावर पडल्या.

आता बाहेर यायचं म्हणजे हातात पाना घेऊन, ग्रीसने माखलेल्या बोटांनी या सगळ्यांसमोर उभं राहायचं. आणि सांगायचं तर काय सांगायचं? त्यांचंच म्हणणं खरं निघालं होतं. जहाज मेलं होतं.

तिने पाना हळूच बोल्टवरून काढून छातीशी धरला, आवाज होऊ नये म्हणून.

"उठवू का तिला?" कुणीतरी विचारलं.

"नका," तुळजाबाई म्हणाल्या. "पडू द्या. मोकळी होईल."